अरबी शिकायची की ॲपवर भागवायचं?

केळीच्या कांदेबाग हंगामाची कटिंग जवळ आली की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "भाऊ, आखातात माल पाठवायचाय. अरबी शिकू की मोबाईलच्या भाषांतर ॲपवर भागेल?" मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मुंबईचा दलाल मधे घालणं हा तिसरा रस्ता आहे; पण मग तिकडचा व्यापारी नेमकं काय म्हणाला, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आधी एक कबूल करतो. 2021 मध्ये तांदलवाडीची भौगोलिक मानांकनवाली केळी दुबईला गेली, तेव्हापासून आमच्या रावेर तालुक्यात सगळ्यांच्याच अंगात निर्यात शिरली. नुसत्या दुबईपुरतं बघायचं असेल तर दोन्हींचीही गरज नाही. अल अवीरच्या फळबाजारात मल्याळी आणि पाकिस्तानी माणसं भरपूर, तिथे हिंदी बिनदिक्कत चालते. प्रश्न येतो तो दुबईत बसून इराकसाठी माल उचलणारा व्यापारी भेटला की. माझा तसाच आहे.

ॲपला मी नावं ठेवणार नाही. पहिली दोन वर्षं मी त्याच्याच जिवावर काढली. पेटीवरच्या अरबी लेबलावर कॅमेरा धरला की अर्थ समोर. औपचारिक पत्र, पॅकिंग लिस्टबद्दलचा निरोप, ईदच्या शुभेच्छा, सगळं झकास. उद्या इराणचा गिऱ्हाईक आला तर ॲप एका बटणात फारसीवर जातं, माझी अरबी तिथे फारशी कामाची नाही. फक्त मराठीतून थेट अरबीत जाऊ नका, मधे इंग्रजी घाला. मी एकदा 'एका फणीत किती केळी' असं विचारलं, तर समोरच्याला केसांच्या फणीबद्दल प्रश्न गेला. तो दिवसभर हसत होता. तोवर मीही हसत होतो.

माझं मत फिरलं ते व्हॉइस मेसेजमुळे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल करायला बंदी आहे, मेसेज मात्र चालतात. म्हणून तिकडचा माणूस लिहीत बसत नाही, बोलून पाठवतो. तेही गाडी चालवताना, बाजाराच्या गोंगाटात आणि पुस्तकी अरबीत नाही तर बोलीत. ॲपला बातम्यांची अरबी कळते, बोली आली की ते अंदाज मारतं. त्यातून आमच्या पॅकहाऊसवर रेंज येते-जाते, त्यामुळे चाळीस सेकंदांचा एक मेसेज पाच वेळा चालवायचा, पाच वेळा वेगळा अर्थ, आणि बाहेर रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर तेरा-साडेतेरा डिग्रीवर घरघरत उभा.

अशाच एका मेसेजचा अर्थ ॲपने दिला, 'कोल्ड स्टोरेजमध्ये जागा, या आठवड्यात.' मी कंटेनर सोडला. तो म्हणाला होता जागा नाही. इराकी बोलीत 'माकू' म्हणजे 'नाही', आणि ॲपने नेमका तोच शब्द गिळला होता. माल तिकडच्या बंदरात अडकला, कंटेनर विजेवर थंड ठेवायचं, म्हणजे प्लगचं भाडं माझ्या अंगावर आलं आणि पेट्या उघडल्या तेव्हा केळी पिवळी पडायला लागली होती. आता ॲप सुधारलं असेल, नाही असं नाही. पण त्या दिवसापासून मेसेज वाजला की पोटात गोळा यायचा.

मग कुवेतला सतरा वर्षं ड्रायव्हर असलेल्या एका चाचांकडे संध्याकाळी जाऊ लागलो. पैसे घेतले नाहीत, दर महिन्याला एक घड तेवढा पोचवायचो. पहिल्याच दिवशी मी 'माकू'चा किस्सा सांगितला, तर म्हणाले, "अरे, हा शब्द कुवेतमध्येही पोरं दिवसभर बोलतात."

वाटलं होतं तेवढं परकं निघालं नाही. हिशेब, बाकी, तारीख, दलाल हे शब्द तिकडूनच आलेत. काही मात्र चकवतात. अरबीत 'माल' म्हणजे पैसा, आणि 'वुसूल' म्हणजे पोहोचणं. त्यामुळे तो कंटेनरच्या 'वुसूल'बद्दल बोलायला लागला की मला वाटायचं, उधारीचा विषय काढतोय. आकड्यांत तर आपण इंग्रजांपेक्षा पुढे आहोत. ते 'खम्सा व इश्रीन' म्हणतात, पाच आणि वीस, आपल्या पंचवीससारखं एकक आधी. लिहिलेल्या आकड्यांना मात्र जपा. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. चिठ्ठीचा फोटो घाईत वाचला तर पन्नासचं काहीतरी भलतंच होतं.

सहा महिन्यांनी मला काय आलं? वाचता अडखळत, लिहिता जवळजवळ नाहीच. करार अजून ॲपवरूनच वाचतो आणि वकिलाला दाखवतो. पण व्हॉइस मेसेज एकदा ऐकला की जागा आहे की नाही, भाव पाडतोय की खरंच अडचणीत आहे, हे कळतं. त्याचा 'इन्शाअल्लाह' कधी होकाराचा आणि कधी टाळण्याचा, हे आवाजावरून ओळखतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

वर्षाला दोन-तीन कंटेनर जाणार असतील तर कदाचित ॲपवरच थांबा, एवढा खटाटोप परवडणार नाही. दर पंधरवड्याला माल जात असेल तर माझ्या मते शिकलेलं बरं. मदरशातले मौलाना विद्वान असतात, पण त्यांची अरबी कुराणाची. तुम्हाला बाजाराची हवी, तेव्हा भुसावळ, रावेर, सावदा भागात आखातातून परतलेला ड्रायव्हर नाहीतर गवंडी शोधा. पहिल्या दिवशी अलिफ-बे नको म्हणा. आधी आकडे, मग वार, मग 'आहे' आणि 'नाही' एवढंच मागा.