कार्यक्रमपत्रिकेतून कापलेला दिवस : एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या सहलीत झालेली फसवणूक

एव्हरेस्ट बेस कॅम्पला घेऊन जातो असे सांगून पुण्यातल्या एका आयोजकाने २०२४च्या एप्रिलमधील सहलीसाठी माझ्याकडून, माझ्या पत्नीकडून आणि माझ्या मावसभावाकडून माणशी ८५ हजार रुपये आणि त्यावर निरनिराळे आकार घेतले, आणि त्या बदल्यात जे कबूल केले होते त्यातले बरेचसे दिले नाही. पैसे गेले याचे दुःख आहेच. पण उंचीची शरीराला सवय व्हावी म्हणून राखायचा दिवस त्याने आमच्या नकळत कापला, आणि विमा म्हणून जो कागद आमच्या हाती दिला तो नेपाळात लागूच नव्हता, ही गोष्ट मला पैशांपेक्षा फार गंभीर वाटते. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई करत करत हिमालयाकडे वळणारी कितीतरी माणसे अशाच कार्यक्रमपत्रिका वाचून पैसे भरतात. त्यांना ते भरण्याआधी काय तपासावे हे कळावे, म्हणून हा सगळा प्रकार लिहीत आहे.

आयोजकाने पाठवलेली कार्यक्रमपत्रिका दिसायला चोख होती. काठमांडूहून विमानाने लुक्ला, तिथून फाकदिंग, मग ३,४४० मीटरवरच्या नामचे बाजारात दोन रात्री, तेंगबोचे, ४,४१० मीटरवरच्या दिंगबोचेत पुन्हा दोन रात्री, लोबुचे, गोरक्षेप आणि ५,३६४ मीटरवरचा बेस कॅम्प, असा तो सर्वमान्य मार्ग होता. नामचे आणि दिंगबोचे इथल्या जादा रात्री ही चैन नसते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असे या विषयातले डॉक्टर सांगतात. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे आहे आणि लुक्लाची धावपट्टीच २,८०० मीटरच्या वर आहे. त्यामुळे सह्याद्रीत कमावलेला दम पायांच्या कामी येतो, पण विरळ हवेशी शरीराने जुळवून घ्यायला जो वेळ लागतो तो त्याने कमी होत नाही.

पहिला धक्का काठमांडूत, ठामेलच्या हॉटेलात बसला. वसंत आणि शरद या गर्दीच्या हंगामांत लुक्लाची बहुतेक विमाने काठमांडूहून न सुटता रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. हे अंतर सुमारे १३० किलोमीटरचे असून घाटरस्त्याने चार-पाच तास लागतात, म्हणून प्रवाशांना मध्यरात्रीनंतर निघावे लागते. या धंद्यातल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असते. आमच्या पत्रिकेत मात्र ‘काठमांडू ते लुक्ला विमानप्रवास’ एवढेच छापलेले होते, आणि मंथलीपर्यंतच्या गाडीचे पैसे आदल्या रात्री रोख मागण्यात आले. ते न देता मागे फिरण्याचा मार्ग त्या वेळी कोणालाच उरत नाही आणि मागणारा नेमकी तीच वेळ निवडतो.

परवान्यांच्या बाबतीतही तसेच. सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशासाठी इतर परदेशी पर्यटकाला ३,००० नेपाळी रुपये पडतात, तर भारतासह सार्क देशांच्या नागरिकाला १,५०० रुपये, कर वेगळा. नेपाळी रुपयाचा दर भारतीय रुपयाशी बांधलेला आहे, १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये, त्यामुळे हिशेब कोणालाही कागदावर करता येतो. आयोजकाने आमच्याकडून परदेशी दर लावून, तोही भारतीय रुपयांत जसाच्या तसा, वसूल केला होता. शिवाय ‘टिम्स’ या नोंदणीपत्राचे पैसे घेतले होते. खुंबूच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरातल्या, या वाटेवर ते कार्ड आमच्याकडे कोणी मागितले नाही. तिथे स्थानिक गाउँपालिकेचे शुल्क आणि मोंजोच्या फाटकावर उद्यानाचा परवाना, एवढ्यावर काम भागले. दोघांमागे एक भरिया, म्हणजे ओझे वाहणारा माणूस, देऊ असे लिहून दिलेले असताना लुक्लाला तिघांच्या पिशव्या एकाच तरुण मुलाच्या पाठीवर चढवल्या जात होत्या. ते आम्हाला पाहवले नाही, म्हणून दुसरा भरिया आम्ही आमच्या पैशाने घेतला.

इथवरची लबाडी पैशांची होती. खरा प्रकार नामचेत उघड झाला. संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात शेगडीभोवती सगळे बसलेले असताना आमच्या वाटाड्याने, म्हणजे गाईड दाइंनी (नेपाळीत दाइ म्हणजे मोठा भाऊ), पुढच्या मुक्कामी खोल्या सांगण्यासाठी जाकिटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि फोनवरून त्यातली नावे वाचू लागले. कागद नेपाळीत होता, पण लिपी देवनागरीच असल्याने शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीला तो सहज वाचता आला. त्यावर दिंगबोचेपुढे एकच तारीख होती आणि लगेच दुसऱ्या तारखेला लोबुचे. आमच्या पत्रिकेत दिंगबोचेला दोन रात्री आहेत, असे आम्ही दाखवले तेव्हा ते गृहस्थ खरोखर चकित झाले. काठमांडूच्या ज्या कार्यालयाला आमच्या आयोजकाने काम दिले होते त्या कार्यालयाने त्यांना एवढ्याच दिवसांची मजुरी आणि एवढ्याच रात्रींचे भाडे-जेवण दिले होते. म्हणजे पाहुण्याला दाखवायची पत्रिका वेगळी आणि वाटाड्याला द्यायची वेगळी. कापलेल्या त्या एका दिवसाचे आमच्या तिघांचे खोली-जेवण, वाटाड्याची आणि भरियाची मजुरी एवढी रक्कम पुण्यात बसलेल्या माणसाच्या खिशात गेली होती.

पुण्याला फोन केल्यावर “दिंगबोचेला बघू” असे उत्तर मिळाले. दिंगबोचेला पोहोचलो त्या रात्री मावसभावाचे डोके दुखू लागले, जेवण जाईना आणि पहाटे त्याला उलटी झाली. ही उंचीच्या त्रासाची नेहमीची लक्षणे आहेत, आणि अशा वेळी वर चढायचे नाही, लक्षणे वाढली तर खाली उतरायचे, हा नियम हिमालयात सगळीकडे सारखाच आहे. आयोजकाने फोनवर सांगितले की डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी देऊन लोबुचेला निघा, नाहीतर हेलिकॉप्टर मागवतो, सगळा खर्च विम्यातून परस्पर होईल, तुम्हाला एक पैसाही भरावा लागणार नाही. हेलिकॉप्टरचा हा आग्रह त्याने त्या सकाळी अनेकदा धरला.

अशा आग्रहामागे काय असू शकते हे नेपाळात जाहीर झालेले आहे. गरज नसताना पर्यटकांना हेलिकॉप्टरमध्ये बसवायचे, एकाच उड्डाणात अनेकांना नेऊन प्रत्येकाच्या विमा कंपनीकडून पूर्ण उड्डाणाचे पैसे उकळायचे आणि त्यातला वाटा आयोजक, हेलिकॉप्टर कंपनी व रुग्णालय यांच्यात फिरवायचा, असे प्रकार २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत समोर आले होते. खऱ्या आणीबाणीत हेलिकॉप्टर जीव वाचवते आणि तेव्हा एक क्षणही दवडू नये, हे मी तितक्याच जोराने सांगतो. मात्र त्या दिवशीचा निर्णय पुण्याहून फोनवर होणार नव्हता, तो डॉक्टरने रुग्णाला पाहून व्हायला हवा होता.

दिंगबोचेहून टेकाड ओलांडले की तासाभरात फेरिचे लागते. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशन या संस्थेचा दवाखाना वसंत आणि शरद हंगामात चालू असतो. वाटाड्याने स्वतःहून आम्हाला तिथे नेले. डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावून रक्तातला प्राणवायू पाहिला, छाती तपासली, आणि मग मावसभावाला जमिनीवरच्या सरळ रेषेवर एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे टेकवत चालायला लावले. मेंदूला सूज येऊ लागली असेल तर माणसाचा तोल या चालण्यात जातो. त्याचा गेला नाही. त्रास सौम्य आहे, विश्रांती घ्या, वर चढू नका, बरे वाटले तरच पुढे जा आणि तेही हळू, हेलिकॉप्टरची गरज नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आम्ही थांबलो, त्याचा खर्च आम्हीच केला, आणि डोकेदुखी पूर्ण उतरल्यावरच निघून बेस कॅम्पला पोहोचलो. जो दिवस विकत घेऊन आम्ही घरून निघालो होतो, तोच आम्हाला तिथे पुन्हा विकत घ्यावा लागला.

विम्याचा कागद मी फेरिचेतच नीट वाचला. त्यावर एका विमा कंपनीचे चिन्ह होते, आमची नावे होती आणि रक्कमही भरघोस होती. परत आल्यावर त्या कंपनीच्या मदत क्रमांकावर पॉलिसी क्रमांक सांगितला तेव्हा कळले की ती फक्त भारतापुरती वैयक्तिक अपघात पॉलिसी होती. परदेशातले उपचार, उंचीवरचा आजार, हेलिकॉप्टरने सुटका, यातले काहीही तिच्यात नव्हते. त्या सकाळी आम्ही हेलिकॉप्टर घेतले असते तर सगळे बिल आमच्या अंगावर आले असते, किंवा कोणत्या तरी खोट्या दाव्यावर आमच्या सह्या मागितल्या गेल्या असत्या. विमा आयोजकामार्फत घेऊच नका. स्वतः घ्या, त्यात ६,००० मीटरपर्यंतचे पदभ्रमण आणि हवाई सुटका हे शब्द लिहिलेले आहेत का ते पाहा, आणि निघण्याआधी कंपनीला तिच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून पॉलिसी खरी असल्याची खात्री करा.

परतीची लुक्ला–मंथली तिकिटे काढलेलीच नव्हती, हे विमान कंपनीच्या खिडकीवर समजले. पाठवलेल्या कागदावरचा आरक्षण क्रमांक त्यांच्या यादीत सापडेना. नेपाळातल्या देशांतर्गत विमानांत नेपाळी, भारतीय आणि इतर परदेशी असे तीन वेगळे दर असतात. आमच्याकडून डॉलरचा परदेशी दर घेतला होता. खिडकीवर पासपोर्ट दाखवल्यावर भारतीय दराने तिकिटे मिळाली आणि त्यामुळे फरक किती होता तेही कळले. आधार कार्ड पुरेल, असेही याच आयोजकाने सुरुवातीला कळवले होते, हे इथे नोंदवतो. विमानाने नेपाळला जाणाऱ्या प्रौढ भारतीयाने पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच बरोबर ठेवावे.

शेवटची गोष्ट घरी, प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर दिसली. परदेशातल्या सहलीच्या पॅकेजवर आयोजकाने टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ घ्यायचा प्राप्तिकर, गोळा करून तो प्रवाशाच्या पॅनवर सरकारजमा करायचा असतो. त्या वर्षी आमच्या रकमेला तो पाच टक्के होता, म्हणजे माणशी ४,२५० रुपये, आणि विवरणपत्र भरताना तो आपल्याला वळता करून घेता येतो. आमच्याकडून ही रक्कम घेतली गेली, पण आपल्या नावे जमा झालेला कर दाखवणाऱ्या आमच्या फॉर्म २६एएसमध्ये तिची नोंद नाही. जीएसटीचे बिलही मिळाले नाही. सगळे पैसे एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेले होते. पैसे भरण्याआधी जीएसटी क्रमांक असलेले बिल आणि संस्थेच्या नावाचे चालू खाते मागा. काठमांडूत काम कोणत्या नोंदणीकृत कार्यालयाकडे आहे ते लेखी घ्या, आणि त्या कार्यालयाला आपण स्वतः फोन करून वाटाड्याला किती दिवसांचे पैसे दिले जाणार आहेत ते विचारा. हा एक प्रश्न आम्हाला पुण्यातच सुचवणारे कोणी भेटले असते, तर पुढचे बरेच टळले असते.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर वकिलामार्फत नोटीस दिली. नोटीस मिळाल्यावर परवान्यांच्या पैशांतला काही भाग परत आला, बाकीच्याबद्दल ‘पुढच्या सहलीत सवलत देतो’ असा निरोप आला, तो आम्ही नाकारला आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि सारखीच तक्रार असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र येता येते. दोन्ही पत्रिका, वाटाड्याच्या कागदाचा फोटो, फेरिचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी, विमा कंपनीचे उत्तर आणि बँकेतल्या नोंदी आम्ही जोडल्या आहेत. ज्यांच्या बाबतीत असेच घडले आहे त्यांनी आपले संदेश आणि पावत्या पुसू नयेत. तक्रारीची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, आणि ‘पुढच्या महिन्यात देतो’ अशा नुसत्या तोंडी वायद्यांवर थांबून राहिल्याने ती वाढते असे समजू नये.