साठीनंतरच्या मल्टिव्हिटॅमिन आणि अँटिऑक्सिडंट गोळ्या : पावसाळाभर वापरून काय कळलं

निकाल आधीच सांगून टाकतो, बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. साध्या मात्रेची, ज्येष्ठांसाठीची मल्टिव्हिटॅमिन गोळी चालेल, पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. 'अँटिऑक्सिडंट' म्हणून वेगळी विकली जाणारी कॅप्सूल बंद केली, परत आणणार नाही. आणि बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या साठीपुढच्या माणसाला ज्या दोन गोष्टी खरोखर कमी पडतात, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, त्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतात त्या नावापुरत्या आणि अँटिऑक्सिडंट कॅप्सूलमध्ये नसतातच.

वापर मृगाच्या आधी सुरू झाला, आता थंडी पडलीय. एक म्हणजे जेवणानंतर रोज घ्यायची मल्टिव्हिटॅमिन-मिनरलची गोळी. दुसरी बीटा-कॅरोटीन, ई, सी, झिंक आणि सेलेनियम एकत्र असलेली मऊ कॅप्सूल. घेणाऱ्यांत शुगरवाले आहेत, बीपीवाले आहेत, थायरॉईडची गोळी घेणारेही आहेत. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. बाजारातल्या बहुतेक गोळ्यांचा साचा एकच असतो, पुढचं सगळं त्या साच्याबद्दल आहे.

पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसणारा बदल एकच, लघवी पिवळीजर्द होते. बी-२ म्हणजे रिबोफ्लेविनचा तो रंग, अंगाला नको तेवढं बाहेर पडतं. कावीळ झाली म्हणून घाबरून जायचं कारण नाही, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहिला असेल तर काळजी नको. गोळीत लोह असेल तर शौचाला काळपट होतं आणि बद्धकोष्ठ वाढतं. पुरुषांना आणि पाळी गेलेल्या बायकांना रक्त कमी असल्याचं निदान झालेलं नसेल तर लोह घालायची गरजच नसते, म्हणून 'आयर्न-फ्री' गोळी बघून घ्यावी. वयस्कर माणसाचं हिमोग्लोबिन उतरत असेल तर ते मुळात का उतरतंय, पोटात कुठे रक्त जातंय का, हे आधी शोधावं लागतं. लोह देत राहिलं की तो शोध मागे पडतो.

तरतरी? खरं सांगायचं तर नाही. दोन-तीन दिवसांत कुणाला 'एकदम फ्रेश' वाटायला लागलं तर डबीच्या मागं जिनसेंग (तरतरीसाठी घालतात ती एक मुळी) किंवा कॅफिन लिहिलंय का ते बघा. जीवनसत्त्वं इतक्या लवकर काम करत नाहीत. जिनसेंगने काहींची झोप जाते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत ते ढवळाढवळ करतं, त्यामुळे हृदयाची औषधं चालू असणाऱ्यांनी तसली गोळी टाळलेलीच बरी.

मग साधी मल्टिव्हिटॅमिन चालेल असं का म्हणतोय? अमेरिकेत १४,६४१ डॉक्टरांवर दहा वर्षांहून जास्त चाललेल्या चाचणीचे निकाल २०१२ साली आले. रोज एक गोळी घेणाऱ्यांत कॅन्सरचं एकूण प्रमाण ८ टक्क्यांनी कमी होतं, हृदयविकारात मात्र काही फरक नव्हता. नंतरच्या 'कॉसमॉस' नावाच्या चाचणीत स्मरणशक्तीला थोडा फायदा दिसला. दुसऱ्या बाजूला, २०२४ मध्ये जवळपास ३ लाख ९० हजार अमेरिकन लोकांची माहिती एकत्र तपासली तेव्हा गोळी घेणारे जास्त जगतात असं आढळलं नाही. एवढाच तिचा जीव. दात नाहीत, जेवण अर्ध्यावर आलंय, पानात फक्त भात-आमटी, अशा माणसाला ती आधार म्हणून ठीक. जो दोन वेळा जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, उसळ, दूध आणि एखादं फळ खातो, त्याच्या अंगाला तिचं फारसं काही लागत नाही.

अँटिऑक्सिडंटचं प्रकरण मात्र वेगळं आहे, इथे पैशापेक्षा जास्त काही जाऊ शकतं. तर्क ऐकायला सरळ वाटतो. १९५६ साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांडलं की शरीरात तयार होणारी मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स, म्हणजे अस्थिर रेणू) पेशींना इजा करत राहतात आणि त्यातून म्हातारपण येतं. मग ती मूलकं निकामी करणारं काही, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, पोटात घातलं की झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण हीच मूलकं पांढऱ्या पेशी जंतू मारायला वापरतात आणि व्यायाम केल्यावर स्नायूंना इशाराही त्यांच्याकडूनच जातो. २००९ च्या एका अभ्यासात व्यायाम करणाऱ्या तरुणांना रोज १००० मिलीग्रॅम सी आणि ४०० आययू (जीवनसत्त्वं मोजायचं एकक) ई दिलं, तर व्यायामामुळे इन्सुलिन जे जास्त चांगलं काम करायला लागतं ते झालंच नाही. म्हणजे शुगरवाल्याने सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारायच्या आणि घरी येऊन त्याच फेऱ्यांचा फायदा कमी करणारी कॅप्सूल गिळायची!

२०१२ साली ७८ चाचण्यांचा एकत्र आढावा झाला, सगळे मिळून जवळपास तीन लाख माणसं. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, उलट बीटा-कॅरोटीन आणि ई घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण किंचित जास्त निघालं. ई जीवनसत्त्व ४०० आययू रोज घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला, तो २०११ चा निकाल. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनच्या जातीची रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर एवढ्या ई-मुळे रक्तस्रावाची भीती वाढते. निळसर डाग, हिरड्यांतून रक्त ही त्याची पहिली खूण.

निपाणी-चिकोडीकडच्या लोकांनी तर बीटा-कॅरोटीन हा शब्द डबीवर दिसला की डबी परत ठेवावी. त्या भागात तंबाखूवर पिढ्या गेल्या, विडी ओढणारी माणसं घरोघर आहेत. फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलीग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. १९९४ साली निकाल आला तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेला होता. दोन वर्षांनी अमेरिकेतली तशीच चाचणी याच कारणाने मध्येच थांबवावी लागली. ओढणं सोडलेल्यांनीही ते टाळावं. गाजरातलं, शेवग्याच्या पाल्यातलं बीटा-कॅरोटीन याला अपवाद आहे, ते पोटभर खा.

एक जागा अशी आहे जिथे ही औषधं खरंच कामाला येतात, ती म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा वयोमानाचा आजार. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) मध्यम बिघडल्याचं सांगितलं असेल तर सी ५०० मिलीग्रॅम, ई ४०० आययू, झिंक ८० मिलीग्रॅम, तांबं २ मिलीग्रॅम, ल्युटीन १० आणि झियाझँथिन २ मिलीग्रॅम हे ठरलेलं मिश्रण आजार पुढे सरकायचा वेग कमी करतं. जुन्या मिश्रणात बीटा-कॅरोटीन होतं, २०१३ च्या अभ्यासानंतर त्याच्या जागी ल्युटीन आलं. पण ते तपासणीनंतर, डॉक्टरांच्या नजरेखाली. मोतीबिंदूला किंवा नुसत्या चष्म्याच्या नंबराला याचा उपयोग नाही.

आता झिंक, कारण चूक इथे सगळ्यात सहज होते. डबीवर 'झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलीग्रॅम' असं मोठ्या अक्षरात असतं, त्यातलं खरं झिंक २२.५ मिलीग्रॅम. अशा दोन गोळ्या एकत्र घेतल्या, एक मल्टिव्हिटॅमिन आणि एक अँटिऑक्सिडंट, की ४५ होतात. डॉक्टरांच्या नजरेखाली नसेल तर रोजची वरची मर्यादा ४० आहे. महिनोन्‌महिने असं चाललं की तांब्याचं शोषण कमी होतं, रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात. गंमत म्हणजे बी-१२ कमी झालं तरी हेच होतं, त्यामुळे माणूस आणखी एक गोळी वाढवतो. बी-६ चंही तसंच. 'नसांची गोळी' आणि मल्टिव्हिटॅमिन मिळून ते रोज १०० मिलीग्रॅमच्या वर गेलं की स्वतःच नसा बधिर करू शकतं. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडून एकेका घटकाची बेरीज एकदा करा, कागदावर.

बी-१२ विषयी जरा सविस्तर. माळकरी, लिंगायत, जैन अशी शाकाहारी घरं आपल्याकडे भरपूर. त्यात वय वाढलं की पोटातलं आम्ल कमी होतं, अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. त्यावर मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) किंवा रोजची ॲसिडिटीची गोळी असेल तर आणखी घट. मल्टिव्हिटॅमिनमधले दहा-पंधरा मायक्रोग्रॅम एरवी पुष्कळ, पण खरी कमतरता असली की तेवढ्याने भागत नाही. तोंडावाटे ५०० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी लागते, कारण आतड्यातून आपोआप झिरपून शोषलं जातं ते जेमतेम एक टक्का. फार कमी असेल तर इंजेक्शन. तपासणी गोळी सुरू करायच्या आधी करा, नंतर केली तर आकडा फुगलेला येतो. दर मिलीलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० म्हणजे सीमेवर. आणि फक्त फॉलिक ॲसिड घेत बसू नका. रक्त सुधारलेलं दिसतं, नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

ड जीवनसत्त्वाच्या ४०० आययूने सत्तरीपुढच्या माणसाचं भागत नाही, रोजची गरज ८०० धरतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही. म्हणून ६०,००० आययूचं पाकीट लिहून मिळतं. ते आठवड्याला एक, ठरवून दिलेले आठवडेच, दुधातून किंवा जेवणानंतर. गोड लागतं म्हणून किंवा चिठ्ठी नीट न वाचल्याने ते रोज घेतलं जातं, मग मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठ आणि बोलण्यात गोंधळ. रक्तातलं कॅल्शियम वाढल्याची ती लक्षणं, तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

घ्यायची वेळ दुपारच्या जेवणानंतर लगेच. ए, ड, ई, के तेलातुपाशिवाय नीट शोषली जात नाहीत, कारळ्याच्या चटणीवर एक चमचा तेल असलं तरी पुरे. उपाशीपोटी घेतली की झिंकमुळे अर्ध्या तासात मळमळतं, बरेच जण गोळी सोडतात ते याच कारणाने. गोळी मोठी असते, सुकलेल्या तोंडात चिकटते. आधी दोन घोट पाणी, मग गोळी जिभेवर, हनुवटी जराशी खाली आणि अर्धा पेला पाणी. मान मागं टाकून गिळू नये, ठसका तिथेच लागतो. लगेच आडवं व्हायचं नाही. मऊ कॅप्सूल कापायची नाही. साधी गोळी दोन तुकडे केली तर चालते, वास मात्र सहन करायचा.

थायरॉईडची गोळी सकाळी घेत असाल तर लोह, कॅल्शियम, झिंकवाली गोळी तिच्यानंतर चार तासांनी. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तेवढे दिवस मल्टिव्हिटॅमिन सरळ बंद ठेवा, खनिजं औषधाला पोटातच बांधून टाकतात. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी गोळीत के जीवनसत्त्व किती ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये, आणि सुरू केली तर मध्येच बंदही करू नये, रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा हलतो. किडनीचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने काहीच नको.

साठवणीचा अनुभव पावसाने दिला. जुलैमध्ये खानापूर-जांबोटीकडच्या दमट हवेत मोठ्या बरणीतल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो, सी असलेल्या गोळ्यांवर तपकिरी ठिपके पडतात. तसं झालं की टाकून द्या. फ्रिजमध्ये ठेवणं हा उपाय नाही, काढ-घाल करताना आत दव धरतं. गॅसच्या वरची फळीही नको. सरळ उपाय म्हणजे पावसाळ्यात बरणी न आणता ॲल्युमिनियमची स्ट्रिप आणणं. पुण्याहून किंवा परदेशातून पोरं मोठे डबे आणतात, ते उघडल्यावर आतली सिलिकाची पुडी काढून फेकू नये. त्या डब्यांवर बऱ्याच घटकांपुढे रोजच्या गरजेच्या कित्येक पट टक्के लिहिलेले असतात. १०० टक्क्यांच्या आसपासचं घ्या. 'मॅक्स', 'मेगा' लिहिलेलं तिथेच राहू दे.

लेबल इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतं, घरातल्या आजीला दोन्ही वाचता येत नाहीत. स्ट्रिपवर पांढरी पट्टी चिकटवून मराठीत 'दुपारी जेवणानंतर, एकच' असं जाड पेनाने लिहा. पट्टी चिकटवताना संपण्याची तारीख झाकू नका. अन्न परवान्यावर विकलेल्या गोळ्यांवर १४ आकडी नंबर असतो, तो नसेल आणि औषध परवान्याचा नंबरही नसेल तर घेऊ नका. भाव बघताना डबीचा नको, एका गोळीचा काढा. जनऔषधी केंद्रातली साधी मल्टिव्हिटॅमिन याच कामाची आहे आणि बरीच स्वस्त पडते.

रक्त तपासायला जाण्याआधी एक करायचं राहू नये. गोळीत बायोटिन (बी-७ जीवनसत्त्व) असेल, विशेषतः 'केस-नखांसाठी' म्हणून हजारो मायक्रोग्रॅमचं, तर थायरॉईडच्या आणि हृदयाच्या ट्रोपोनिन (हार्ट अटॅक ओळखायच्या) तपासणीचा आकडा चुकीचा येऊ शकतो. थायरॉईडची तपासणी ठरलेली असेल तर आधीचे दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवा. छातीत दुखतंय म्हणून अचानक जावं लागलं तर आत शिरतानाच डॉक्टरांना सांगा की बायोटिन चालू आहे, स्ट्रिप सोबत न्या.