जिप्सीचं हेड घरी उतरवलं, त्यासाठी घेतलेल्या टॉर्क पान्याचा रिव्ह्यू

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण हाच पाना ऑनलाइन चार वेगवेगळ्या नावांनी मिळतोय, डबा लाल नाहीतर निळा एवढाच फरक. ओळखायची खूण सांगतो. सॉकेट बसतं तो चौकोन अर्धा इंची, २८ ते २१० न्यूटन-मीटर (टॉर्कचं, म्हणजे बोल्ट पिळायच्या जोराचं माप), क्लिक टाइप म्हणजे लावलेला जोर झाला की क्लिक करून सांगणारा, दांड्यावर एका बाजूला न्यूटन-मीटर आणि दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड. मला अडीच हजाराच्या आत पडला. घेऊन सहा महिने झाले, त्यात एक पूर्ण हेडचं (इंजिनाचा वरचा भाग) काम आणि मित्रांच्या गाड्यांची किरकोळ कामं झाली, त्यामुळं आता बोलायला हरकत नाही.

गाडी १९९८ ची मारुती जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली, १२९८ सीसीचं आठ वॉल्व्हचं इंजिन. पावसाळ्यात वैभववाडीकडनं करूळ घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला, गगनबावड्यात थांबून बघतोय तर रेडिएटर निम्मा रिकामा. घरी येईपर्यंत दोन बाटल्या पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट मारला तर पाण्यात बुडबुडे, सायलेन्सरमधनं पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाला आतनं दुधाळ साय. म्हणजे हेड पॅकिंग (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं) गेलं, त्यात शंका घ्यायला काही उरलंच नाही. दोन वर्षांपूर्वी हेच पॅकिंग एका गॅरेजमध्ये बदललेलं होतं आणि तेव्हा मी समोर उभा होतो, मिस्त्रींनी बोल्ट टॉमी (साधा लांब दांडा) लावून हाताच्या अंदाजानंच आवळलेले. मी विचारलं पण होतं, तर म्हणाले, "अहो साहेब, तीस वर्षं झाली, हाताला कळतंय की." तेव्हा गप्प बसलो. ह्या वेळी ठरवलं, घरीच उतरवायचं, आणि टॉर्क पाना घेतल्याशिवाय एक बोल्ट परत लावायचा नाही.

आता उतरवण्याबद्दल थोडं, कारण बरेच जण हा पाना घेऊन पहिली चूक तिथंच करतात. ह्या पान्यानं बोल्ट सोडवायचे नाहीत! आमच्या मित्रानं डबा उघडला आणि थेट हेडच्या बोल्टला लावून उलटा फिरवायला गेला, मी जवळजवळ ओरडलोच. एकतर हा उलट्या दिशेनं क्लिक करतच नाही, आणि गंजून बसलेला बोल्ट सोडवताना किती जोर पडतोय त्याचा पत्ता नसतो, आतली स्प्रिंग आणि कॅच तिथंच बिघडते. सोडवायला लांब टॉमी, चांगली गोटी (सॉकेट) आणि एक्स्टेन्शन. बाकीचं सगळं नेहमीचंच, पाणी काढलं, बॅटरी सोडली, कार्ब्युरेटरच्या नळ्यांना रंगीत टेप लावून फोटो काढले (हे केलं नाहीत तर जोडताना देव आठवतो), फॅन, बेल्ट, पुली, टायमिंगचं कव्हर, टायमिंग मार्क जुळवून बेल्ट उतरवला. डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला आहे, त्याच्या रोटरची दिशा पांढऱ्या पेननं मार्क केली. सायलेन्सरच्या फ्लँजचे नट रात्रभर गंज सोडवायच्या तेलात ठेवले तरी एक तुटलाच, त्यावर अख्खी संध्याकाळ गेली, ते दुःख परत कधीतरी.

हेडचे बोल्ट १०. इंजिन पूर्ण गार असताना, आवळायच्या बरोबर उलट क्रमानं, म्हणजे कडेकडून मधे, आणि एका दमात नाही, प्रत्येकाला थोडं थोडं. ॲल्युमिनियमचं हेड आहे, एका बाजूनं सगळं सोडून दिलं तर वाकतं. आणि इथंच मला मिस्त्रींच्या हाताची गंमत कळली. आठ बोल्टना टॉमीवर चांगलं वजन टाकावं लागलं, कट्ट असा आवाज करून सुटले, आणि मागच्या बाजूचे दोन, जिथं फायरवॉलजवळ हात नीट पोचत नाही, ते चक्क एका हातानं सुटले. बोल्ट सुटताना लागणारा जोर म्हणजे त्याचा टॉर्क नव्हे हे मला कळतं, तरीपण एवढा फरक? आणि पॅकिंग जळालेलं कुठं सापडलं, तर मागच्या सिलिंडरला, त्याच दोन बोल्टांच्या जवळ. म्हणजे जोर कमी पडला असं नाही, दहा जणांत सारखा वाटला गेला नाही. माझ्या मते टॉर्क पान्याचं खरं काम हेच.

हेड चिकटून बसलं होतं. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा मोह आवरा, ब्लॉक पण ॲल्युमिनियमचाच आहे, एक ओरखडा पडला की तिथनं परत पाणी. मॅनिफोल्डच्या बाजूला लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके दिले, सुटलं. उलटं करून हेड कितपत वाकलंय बघायला स्टीलची सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावलं. मॅन्युअलप्रमाणं ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतं, माझ्याकडं ०.१० ची पट्टी मधे आरामात जात होती आणि ०.१५ ची जात नव्हती. मग उद्यमनगरात नेऊन फेसिंग करून घेतलं, म्हणजे तळ घासून सपाट, सीट आणि वॉल्व्ह पण बघून घेतले. कोल्हापुरात राहायचा हा एक फायदा, असल्या कामाला गाव सोडावं लागत नाही.

हेड तिकडं असताना मोकळा वेळ होता म्हणून पान्याची परीक्षा घेतली. डब्यात कॅलिब्रेशनचा कागद येतो, अचूकता अधिक-उणे ४ टक्के म्हणून, पण माझ्या कागदावर पान्याचा सिरियल नंबरच नाही, सरळ झेरॉक्स आहे, त्यावर कोण विश्वास ठेवणार. मग बादली काढली. हे कुणालाही घरी करता येतं म्हणून नीट सांगतो.

पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये आडवा घट्ट पकडायचा, दांडा जमिनीला समांतर. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत मोजायचं, माझ्या पान्यावर बरोबर ४० सेंटिमीटर. तिथं दोरी बांधून बादली अडकवायची आणि मगानं हळूहळू पाणी ओतत जायचं, जिथं क्लिक होईल तिथं थांबून बादली, पाणी, दोरी सगळं एकत्र वजन करायचं. किलोमधलं वजन गुणिले ९.८१ गुणिले ०.४ म्हणजे न्यूटन-मीटर. फक्त एक गोष्ट विसरू नका, पान्याचं स्वतःचं वजन पण खाली ओढत असतं. माझा पाना १.४ किलो, बोटावर तोलून बघितला तर तोल चौकोनापासून २० सेंटिमीटरवर, म्हणजे पाऊणेतीन न्यूटन-मीटर फुकटचे त्यात मिळवायचे. क्लिक झाल्यावर दांडा थोडा खाली जातो, तो परत समांतर करून तीन वेळा मोजायचं. पाणी एकदम भसकन ओतलं तर आकडा जास्त येतो, पहिल्यांदा माझं तेच झालं.

पाना ५६ वर लावला होता. वजन काट्यावर (शेजारच्या दूध डेअरीचा, त्यांना वाटलं मी पाणी विकायला आलोय) आलं १३.७, मग १३.९, मग १३.६ किलो. हिशोब केला तर ५६.५, ५७.३, ५६.१. नंतर ७० वर लावून मोठी बादली, १७.५५ किलोला क्लिक, म्हणजे ७१.६. तर लावलेल्या मापापेक्षा किंचित जास्त जोर देतोय, पण अडीच टक्क्यांच्या आतच, आणि महत्त्वाचं म्हणजे दर वेळी साधारण तिथंच येतोय. अडीच हजारात मला एवढी अपेक्षा नव्हती, खरं सांगतो. बायकोची बादली मात्र त्या दिवसापासनं गॅरेजमध्येच आहे.

जोडणीच्या दिवशी. आधी ब्लॉकमधली बोल्टांची भोकं, ह्यात पाणी किंवा ऑइल साठलेलं राहिलं तर बोल्ट खाली बसायच्या आधीच ते दाबलं जातं, पाना क्लिक करून मोकळा होतो आणि पॅकिंगवर दाब मात्र आलेलाच नसतो, वर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला तडा जायची भीती ती वेगळी. इंजेक्शनच्या सिरिंजनं ओढून आणि कापडाची वात घालून सगळी कोरडी केली, एका भोकातनं चमचाभर पाणी निघालं. कितीही भारी पाना घ्या, ही चूक त्याला कळत नाही. बोल्टच्या आट्यांना ऑइलचा हलका हात, पॅकिंग कोरडं, त्याला शेलॅक-बिलॅक काही नाही.

मॅन्युअलमध्ये ६५ ते ७० न्यूटन-मीटर आहे. ह्या पान्याच्या दांड्यावर खुणा २८, ४२, ५६, ७० अशा चौदाच्या उडीनं, आणि मूठ फिरवली की प्रत्येक घर १.४ चं. मी पहिला फेरा २८ ला, दुसरा ५६ ला आणि शेवटचा ५६ च्या पुढं आठ घरं म्हणजे ६७.२ ला मारला, मधनं कडेकडं गोल गोल. पाना दोन टक्के जास्त देतोय हे माहीत असल्यामुळं ७० वर लावायची रिस्क घेतली नाही. ते दोन मागचे बोल्ट, एक्स्टेन्शन लावून, अर्धं बॉनेटमध्ये झोपून, पण क्लिक झाल्याशिवाय सोडले नाहीत. एक्स्टेन्शन सरळ असेल तर माप बदलत नाही, फक्त पाना तिरका पडू देऊ नका आणि क्लिक झाल्यावर अजून एकदा म्हणून ओढू नका, ही सवय आपल्याकडं लय आहे.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे फूट-पाउंडचे आकडे मोठे आणि ठळक, न्यूटन-मीटरचे बारीक आणि मागच्या बाजूला. घाईत फूट-पाउंडच्या ७० वर लावलात तर बोल्टवर ९५ न्यूटन-मीटर जाणार, आणि ॲल्युमिनियमच्या आट्या किती सहन करणार? मी फूट-पाउंडच्या बाजूला चिकटपट्टीच लावून टाकली. दुसरं, २८ वरचा क्लिक फार मवाळ आहे, शेजारी रेडिओ चालू असेल तर ऐकू येत नाही, हाताला फक्त हलका झटका. पहिल्या फेरीत माझा एक बोल्ट त्यामुळं पुढं गेला, परत सोडून बसवला. तिसरं, खाली रेंज कमी पडते. रॉकर कव्हर, टायमिंग कव्हरचे बारके बोल्ट १० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली, ते ह्याला जमतच नाहीत आणि स्पार्क प्लग पण २८ च्या खालीच. म्हणजे हेड घरी करायचं तर हा एकटा पुरत नाही, पाव इंची छोटा वेगळा घ्यावा लागतो, मी तो घेतला नव्हता आणि रॉकर कव्हर मनगटाच्या अंदाजानं आवळलं, म्हणजे शेवटी मी पण मिस्त्रीच झालो. डब्याची बिजागरी दुसऱ्या आठवड्यात तुटली, विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं की पाना तर चालतोय ना.

वापरून झालं की मूठ फिरवून २८ वर आणून ठेवा, त्याच्या खाली उगाच सैल करू नका. मित्रानं त्याचा पाना महिनाभर १०० वर तसाच ठेवलेला, त्याची बादली परीक्षा अजून व्हायचीय.

गाडीचं म्हणाल तर रेडिएटर आतनं साफ करून घेतला, निम्म्या नळ्या चिखलानं आणि गंजानं बंद होत्या, खरा गुन्हेगार बहुतेक तोच, सैल बोल्टांनी फक्त त्याला वाट दिली. त्यानंतर करूळ दोनदा आणि आंबा घाट एकदा चढून झाला, काटा मधेच उभा, रेडिएटरमधलं पाणी तिथल्या तिथं.

पाचपैकी चार. डबा आणि फूट-पाउंडचे आकडे यांनी एक खाल्ला. गॅरेज चालवत असाल आणि रोज वापर असेल तर महागातला घ्या, ह्याचं रॅचेट आत्ताच थोडं ढिलं वाजतंय. वर्षाला एक-दोन इंजिनं उघडणाऱ्या माझ्यासारख्याला हा बास, फक्त घेतल्या घेतल्या बादली लावून बघा आणि नीट नसेल तर परत करायची मुदत संपायच्या आत करा.