‘बॅटरी जुनी झाली असेल’ म्हणत गळ्यात मारलेलं नकली कार्ट्रिज

सुपर निन्टेन्डो या जुन्या गेम कन्सोलवर ‘क्रोनो ट्रिगर’ हा गेम खेळायचा म्हणून त्याचं मूळ कार्ट्रिज (कन्सोलमध्ये खोचायची गेमची डबी) शोधत असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला विकणाऱ्याने सरळ सरळ गंडा घातला. त्यासाठी त्याने वापरलेली सबब इतकी पटण्यासारखी आहे की उद्या तुम्हालाही तीच ऐकवली जाईल.

कार्ट्रिज दिसायला झकास होतं. किंमतही अस्सल मालाचीच लावलेली, त्यामुळे ‘एवढं स्वस्त कसं?’ हा प्रश्नच आला नाही. गेम सुरू झाला, पडद्यावरचा लंबक हलला, संगीतकार मित्सुदांचं संगीत वाजलं. सुरुवातीला सेव्हही टिकत होतं. ‘मॅगसचा किल्ला’ हा टप्पा पार केला, सेव्ह करून कन्सोल बंद केला, आणि पुन्हा लावला तर सेव्हच्या तिन्ही जागा कोऱ्या!

विकणाऱ्याचं उत्तर तयारच होतं: “गेम 1995चा आहे हो, बॅटरी जुनी झाली असेल. बदलून घ्या, मग बघू.” यात खोट काढायला जागाच नाही. या गेमचं सेव्ह कार्ट्रिजमधल्या एसरॅम चिपमध्ये (वीज असेतोवरच माहिती धरून ठेवणाऱ्या) राहतं आणि कन्सोल बंद असताना ते टिकवते ती सीआर2032 ही चपटी बॅटरी. एवढ्या वर्षांत ती संपू शकते, अस्सल कार्ट्रिजमध्येसुद्धा.

बॅटरी बदलायची तर कार्ट्रिज उघडायला हवं, आणि त्याच्या स्क्रूला 3.8 मिमीचा खास बिट (स्क्रूड्रायव्हरचं टोक) लागतो. तो मागवण्यात वेळ गेला. उघडलं, तर मूळ सर्किट बोर्डावर असतं ते निन्टेन्डोचं नाव कुठेच नाही. बोर्ड कसला, जेमतेम अर्ध्या कवचाएवढी हिरवी पट्टी. तिच्यावर चिप झाकणारा काळ्या रेझिनचा गोळा, आणि बॅटरी चिकटपट्टीने दाबून बसवलेली, हात लावला की हलणारी. मल्टिमीटर लावला तर चांगले 3 व्होल्ट. म्हणजे बॅटरी नवीकोरी! अशा नकली पट्ट्यांवर बऱ्याचदा 3.3 व्होल्टच्या चिप असतात आणि कन्सोल देतो 5 व्होल्ट, तो ताण वेगळाच.

फोटो पाठवले तसा साहेबांचा सूर बदलला. म्हणे जाहिरातीतलं ‘ओरिजिनल’ गेमबद्दल होतं, कार्ट्रिजबद्दल नव्हे. (हे वाचून मी हसलोच.) आणि वर, माल परत करायची मुदत संपली. बॅटरीची सबब होतीच त्यासाठी. तुम्ही बिट आणि बॅटरी शोधत बसायचं, तोवर तो सुटला.

म्हणून माल हातात पडला की सेव्ह उडायची वाट बघू नका, मुदतीच्या आत उघडून बघा. बिट आधीच मागवून ठेवा. त्याहून बरं म्हणजे पैसे देण्याआधी उघड्या बोर्डाचा फोटो मागा, शेजारी तुमचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद ठेवून. जाहिरातीतला फोटो चालणार नाही. माझ्या वेळी तो अस्सल बोर्डाचाच होता, कुठून तरी उचललेला. ‘उघडलं की किंमत पडते’ असं कोणी म्हणालं तर तिथेच विषय संपवा. आणखी एक गोष्ट: सुपर निन्टेन्डोसाठी हा गेम युरोपात कधी निघालाच नाही. त्यामुळे युरोपीय घाटाच्या गोलसर कवचावर इंग्रजी लेबल दिसलं की ते नकलीच.

सुपर निन्टेन्डोचाच दुसरा गेम ‘अर्थबाउंड’ शोधणाऱ्यांनी तर जास्तच जपा. त्या गेममध्ये नकलेविरुद्ध सापळे आहेत: आधी शत्रूंची गर्दी वाढते, आणि ती सोसून शेवटच्या लढाईपर्यंत पोचलात तर गेम गोठतो आणि सगळी सेव्ह पुसली जातात.

नुसतं खेळायचंच असेल तर ‘क्रोनो ट्रिगर’ 2008मध्ये निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या कन्सोलवर आणि 2018मध्ये पीसीवर अधिकृतपणे आला आहे.

माझे पैसे अजून मिळालेले नाहीत, तक्रार चालू आहे. त्याची जाहिरातही चालू आहे, फोटोही तोच: बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात निळ्या शाईचा ठिपका. दिसला तर तिथे खरेदी करू नका.