बोट लागते, बंदर लागत नाही

"भाऊजी, ग्रीसला बारा दिवसांची क्रूझ घेऊ, की तुमच्यासारखं फेरीबोटींनी फिरू?" मेहुण्याने फोनवर एवढंच विचारलं होतं. मी पाऊण तास बोललो. शेवटी हिने समोरून हात जोडले तेव्हा थांबलो. तेच बोलणं जरा आवरून इथे लिहितो, कारण हा प्रश्न आता बऱ्याच जणांकडून येतो.

दोन्ही प्रकार पदरचे पैसे घालून केले आहेत. २०२२ साली गणपती झाल्यावर बारा रात्रींची क्रूझ केली. रोमला चढायचं, वेनिसला उतरायचं. २०२४ साली, पुन्हा गणपती झाल्यावरच, अथेन्सहून फेरीबोटींनी बेटं पाहिली. जेवण किती प्रकारचं असतं, केबिन केवढी असते, वायफायचे किती घेतात, हे तुम्ही एव्हाना वाचलं असेलच. त्यात शिरत नाही.

सुरुवात बंदरांच्या नावांपासून करतो, कारण पैसे भरताना मी ती नीट वाचली नव्हती. माहितीपत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं, बोट असते चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तरेक किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून पुढे दीड तासाचा रस्ता. २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना वेनिस शहरालगतच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे आमचं ‘वेनिस’ निघालं रावेना. म्हणजे पुण्याला उतरवून मुंबई आली म्हणण्यासारखं, अंतरही जवळपास तेवढंच. यात फसवणूक नाही, कंसात सगळं छापलेलं असतं. पण आपण कंस वाचतो कुठे?

तरी या गोष्टी मी पचवल्या असत्या. माझं मन फिरलं ते ग्रीसच्या सॅन्टोरिनी बेटावर.

पत्रकात तिथला मुक्काम सकाळी सात ते संध्याकाळी सहा असा होता. आदल्या रात्री दाराच्या फटीतून कागद आला : तांत्रिक कारणाने वेग कमी ठेवावा लागतोय, उद्या अकराला पोचू, शेवटची होडी साडेचारला. अकरा तासांचे साडेपाच झाले. मी हिला म्हटलं, साडेपाच तासांत गाव बघून होतं. ते साडेपाच तास जहाजाचे होते, हे मला तोवर कळलं नव्हतं.

सॅन्टोरिनीला एवढ्या मोठ्या जहाजांना लागायला धक्काच नाही. ज्वालामुखीच्या मुखात समुद्र शिरलेला, खाली पाणी अथांग खोल, वर उभा कडा आणि कड्याच्या माथ्यावर फिरा गाव. जहाज मध्ये उभं राहतं आणि छोट्या लाँच माणसांना जुन्या बंदरात नेऊन सोडतात. माझे वडील सांगायचे, कोकण बोटीच्या जमान्यात आपल्याकडेही बहुतेक बंदरांत असंच होतं. आगबोट बाहेर उभी राहायची, पडावातून उतरायचं, पोरं आणि ट्रंका हातोहात खाली द्यायच्या. त्यांच्या पडावाला नंबर नव्हता, एवढाच फरक. आम्हाला जहाजाच्या नाट्यगृहात बसवून छातीवर गोल स्टिकर चिकटवला. नंबर २३. पुकारा चालू होता आठचा.

पाय जमिनीला लागले तेव्हा एक वाजायला वीस मिनिटं होती. वर जायला तीन वाटा : गाढवं-खेचरं, पाचशे ऐंशीहून जास्त पायऱ्या, नाहीतर केबल कार. हिचा गुडघा बघता केबल कार. तिच्या एका खेपेत छत्तीस माणसं जातात आणि खेप तीनेक मिनिटांची. ऐकायला झटपट वाटतं. आता हिशोब करा. एका जहाजात तीन हजार माणसं धरली तर त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी खेपा, आणि त्या दिवशी खाडीत तीन जहाजं उभी होती. आम्ही त्या उन्हात रांगेत एक तास दहा मिनिटं काढली. पुढे एक गुजराती कुटुंब होतं, त्यांच्याकडच्या खाखऱ्यावर आमचं दुपारचं जेवण झालं.

वर पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. साडेचारची शेवटची होडी, उतरायला पुन्हा तीच रांग. म्हणजे सव्वातीनला परत फिरायला हवं. हिला बघायचं होतं ते ओइया, निळे घुमट, पांढऱ्या भिंती. ते फिरापासून अकरा किलोमीटर. बसस्टँडवर बस उभी होती, दार उघडं होतं, ड्रायव्हर तिकिटं देत होता. ही पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे बघत होती आणि मी घड्याळाकडे. अर्धा तास जायला, अर्धा यायला, मध्ये गर्दी. मी मान हलवली. तिने पाय खाली घेतला.

एका दुकानासमोर उभं राहून आइस्क्रीम खाल्लं. उतरणाऱ्यांची रांग वळसा घालून गल्लीत शिरली होती, म्हणून शेवटी पायऱ्यांनीच उतरलो. खेचरांच्या शेणाने गुळगुळीत झालेल्या त्या पायऱ्या ही माझ्या खांद्याला धरून आडवी-आडवी उतरली. वाटेत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मिकोनोस बेट होतं. सकाळी सातला कप्तानाची घोषणा झाली : वारा जोराचा आहे, आत जाता येत नाही. डेकवरून पांढरी घरं दिसत होती, मोबाइल वाकडातिकडा धरला तर पवनचक्क्याही. मग जहाजाने तोंड फिरवलं आणि दुपारी बिंगो ठेवला. याबद्दल माझी खरंच तक्रार नाही. एजियन समुद्रात उन्हाळाभर उत्तरेकडून तो मेल्तेमी वारा वाहतो, जुलै-ऑगस्टमध्ये जास्त, सप्टेंबरातही गाठतो. एवढी उंच बोट म्हणजे वाऱ्याला एक अख्खी इमारतच. कप्तानाने घेतला तो निर्णय बरोबरच होता. बदली बंदर देणं कंपनीला बंधनकारक नसतं, हे अटींमध्ये असतंच. बंदराचे कर तेवढे खात्यावर परत जमा झाले, त्यातून आम्ही दोन दिवस कॉफी प्यालो. किनाऱ्यावर गाडी मात्र मी परस्पर ठरवली होती. तिचे आगाऊ पैसे बुडाले. बोटीकडूनच सहल घेतली असती तर ते परत मिळाले असते. हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे बोट लागली म्हणजे उलट्या सुरू झाल्या. मला या बोटीवर उलटी एकदाही झाली नाही, पण ‘बोट लागणं’ म्हणजे काय ते तिथे नव्याने कळलं. परत आल्यावर डायरीत बेरीज केली. बारा दिवसांत नऊ बंदरं छापलेली, लागली आठ, आणि आमचे पाय जमिनीवर होते ते एकूण एकेचाळीस तास, त्यातही रांगा धरून.

आता फेरीबोट. पिरिअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, सकाळी साडेसातच्या सुमारास मोठी बोट निघते. पारोस, नॅक्सोस ही बेटं करत दुपारनंतर सॅन्टोरिनी. मागे ट्रक, मोटारी, भाजीचे टेम्पो, वर आपण. बंदर जवळ आलं की सगळे तळमजल्यावर आपापल्या बॅगांशी जाऊन उभे राहतात. बोट धक्क्याला टेकायच्या आधीच मागचा दरवाजा खाली यायला लागतो, साखळ्या करकरतात, शिट्ट्या वाजतात, आणि माणसं, स्कूटर, ट्रक एकदमच बाहेर पडतात. दादर स्टेशनवर ज्याने जन्म काढला त्याला यात घरच्यासारखं वाटेल. बोट थांबते पंधरा-वीस मिनिटं. क्रूझच्या मानाने हा थांबा किती तोकडा! पण मी उतरलो की बोट तिच्या वाटेने, मी माझ्या.

त्रास नाही असं म्हणणार नाही. दोन बॅगा ओढत त्या लोखंडी उतारावरून जाणं साठीनंतर सोपं नाही. बोटीवर शाकाहारी म्हणजे पालक भरलेली पेस्ट्री, नाहीतर चीज टोस्ट. दुसऱ्या दिवसापासून हिने ठेपले बाहेर काढले. दर तीन दिवसांनी नवी खोली, नवी किल्ली, गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरतो याचा नवा शोध.

आणि वारा तोच. आमचा बेत नॅक्सोस, मग मिकोनोस, मग सॅन्टोरिनी असा होता. तिसऱ्या संध्याकाळी खोलीवाल्या बाईंनी दारात येऊन सांगितलं, उद्या अपागोरेफ्तिको. वाऱ्यामुळे बोटींना बंदरातून निघायची मनाई होते, तिला तिकडे हा शब्द. हलक्या वेगवान बोटींना ती आधी लागते, मोठ्या फेरी त्यामानाने उशिरापर्यंत चालतात. आमची बोट त्या हलक्यांतलीच, कॅटामरान, ती रद्द झाली. तिकिटाचे पैसे परत मिळाले, मिकोनोसच्या हॉटेलने मात्र एका रात्रीचे कापले.

म्हणजे दोन वर्षांनी तीच गत, तेच बेट हुकलेलं. पण या वेळी जमिनीवर होतो. बाईंनी तीच खोली आणखी दोन रात्री दिली. दुसऱ्या दिवशी बसने डोंगरातल्या आपिरांथोसला गेलो, गावातल्या गल्ल्यासुद्धा संगमरवराच्या. दुपारी एका खाणावळीत नुसते तळलेले बटाटे मागवले. नॅक्सोसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे, आणि वर तिथलंच ग्राव्हिएरा चीज किसून घातलेलं. ही म्हणाली, यात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी असती तर. संध्याकाळी पोर्ताराशी बसलो. अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा तो दरवाजा, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. देऊळ कधी पुरं झालंच नाही, चौकट तेवढी समुद्राकडे तोंड करून उभी आहे. वारा इतका की बोलणं ऐकू येईना. तास-दीड तास बसलो असू. घड्याळ खोलीवर राहिलं होतं.

नंतर मोठ्या फेरीने सॅन्टोरिनी. या बोटी दक्षिणेकडच्या आथिनिओस धक्क्याला लागतात. तिथून बस नागमोडी रस्त्याने वर आणते, केबल कारचा संबंधच नाही. तीन रात्री राहिलो. ओइयाला ही तीनदा जाऊन आली, एकदा तर एकटीच. मी त्या दिवशी फिरात कठड्याशी बसून होतो. खाली तीन जहाजं, लाँचची ये-जा, आणि केबल कारच्या तोंडाशी परतीची रांग, प्रत्येकाच्या छातीवर गोल स्टिकर. संध्याकाळी जहाजं हलली तसं गाव जरा सैल झालं, दुकानदार बाहेर खुर्च्या टाकून बसले.

आता मेहुण्याला सांगितलं ते. बरोबर आई-बाबा असतील, कुणाची औषधं, पथ्यं असतील, तर मी क्रूझच घे म्हणेन. बॅग एकदाच उघडायची, डॉक्टर बोटीवर, जेवणाची काळजी नाही. अलास्का किंवा नॉर्वेला जायचं असेल तरी क्रूझ, कारण तिथे बघायचं ते डेकवरूनच दिसतं. अलास्काच्या ग्लेशियर बेमध्ये जहाजं धक्क्याला लागतच नाहीत आणि कुणाचं त्यावाचून अडत नाही. खर्चाचं म्हणाल तर आमच्या दोन्ही सहली विमान धरून जवळपास सारख्याच पडल्या. तुमचं गणित वेगळं असू शकतं.

क्रूझच घेणार असाल तर बंदरं मोजू नका, तास मोजा, आणि त्यातले दोन रांगेचे म्हणून आधीच वजा करा. जहाज कुठे रात्रभर थांबत असेल तर ते वेळापत्रक थोडं महाग असलं तरी घ्या. जिथे लाँचने उतरावं लागतं त्या बंदरावर मनातली मुख्य इच्छा टांगू नका. सॅन्टोरिनीला बोटीची सहल घेतली तर बहुधा आथिनिओसला उतरवून बसने वर नेतात, निदान चढतानाची रांग टळते. आणि २०२५ च्या जुलैपासून सॅन्टोरिनी-मिकोनोसला क्रूझच्या प्रवाशांवर जून ते सप्टेंबर माणशी वीस युरो कर आहे, आम्ही गेलो तेव्हा नव्हता. वाटेत तुर्कस्तान असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, हे ट्रॅव्हल एजंटला दोनदा विचारा.

पण दोघंच असाल, गुडघे बरे असतील आणि ग्रीसच बघायचं असेल, तर मी आपला फेरीकडे झुकतो. बेटं कमी होतील. आमची अथेन्स सोडून दोनच झाली. मेहुणा म्हणाला, "म्हणजे मिकोनोस राहिलंच की तुमचं." राहिलं. हिला परवा विचारलं, तिसऱ्यांदा जायचं का? म्हणाली, जाऊ, पण आधी नॅक्सोसच्या बाईंना फोन करून खोली धरून ठेवायला सांगा.