पावागड, गिरनार की पालिताणा? बडोद्याहून घरातल्या मोठ्यांना घेऊन जायचं असेल तर

दिवाळी आली की आमच्याकडे पुण्याहून कोणीतरी येतंच, आणि दांडिया बाजारातल्या घरात बॅगा टेकवायच्या आधी पहिला प्रश्न हाच, की इथून जवळ डोंगरावरचं एखादं देवस्थान सांग ना, आईंना पण झेपेल असं. मग आमचे हे म्हणतात पावागड, सासूबाई म्हणतात गिरनार, आणि खालच्या मजल्यावरचे जैन काका जिन्यातूनच ओरडतात, पालिताणा करा, पालिताणा! तिन्ही करून झालीयेत माझी, गिरनार तर दोनदा, सासूबाईंना घेऊन, त्यांचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, दरवेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो.

एक गोष्ट आधीच. सगळे विचारतात पायऱ्या किती. तो आकडा सोडा. रोपवेतून उतरल्यावर किती उरतात ते विचारा, कारण फसगत तिथेच होते, रोपवे आहे ना मग काय असं म्हणत आपण निघतो आणि वरच्या स्टेशनवर उभं राहिल्यावर कळतं की आपल्याला जिथे जायचं होतं तो देव अजून समोरच्याच्या पलीकडच्या डोंगरावर आहे.

पावागड. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटर, हालोलच्या रस्त्याने, पहाटे निघालात तर दुपारचं जेवण घरी. खाली चांपानेर, तिथून वर माचीपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण गर्दीच्या दिवसांत खाजगी गाड्या खालीच अडवतात आणि एसटीच्या बसने माचीला जावं लागतं. माचीहून रोपवे, इथले लोक त्याला उडनखटोलाच म्हणतात, १९८६ पासून चालू आहे. वर उतरलं की साधारण अडीचशे पायऱ्या. बस, एवढंच. आणि त्याही आता रुंद आणि नीट केल्यात, देवळाचं सगळं कामच नव्याने झालंय, २०२२ च्या जूनमध्ये नव्या शिखरावर ध्वज चढला तेव्हा मोदी स्वतः आले होते. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, पंधरा पायऱ्या आणि एक बसणं या हिशोबाने अर्ध्या-पाऊण तासात महाकालीपुढे पोचल्या आणि वर मलाच म्हणाल्या, तू का गं धापा टाकतेस. नारळ न्यायचा असेल तर सोललेला नेऊ नका, २०२३ पासून चालत नाही, खालचे दुकानदार सांगतीलच.

पावागडाचा खरा प्रॉब्लेम पायऱ्या नाहीतच, रांग आहे. नवरात्र, पौर्णिमा, रविवार, आणि दिवाळीनंतर गुजराती नवं वर्ष ते लाभपाचम हा आठवडा, तेव्हा अख्खा गुजरात तिथे असतो आणि रोपवेच्या रांगेत दोन-दोन तास उभं राहून ज्या गुडघ्यांना वाचवायला रोपवे घेतला तेच सुजतात. मधल्या वारी जा, मंगळ-बुध वगैरे, सकाळी लवकर. आणि हो, देखभालीसाठी रोपवे मधे मधे काही दिवस बंद ठेवतात, त्याची बातमी पेपरात येते, निघण्याआधी बघून घ्या.

येताना चांपानेर चुकवू नका पण. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने १४८४ मध्ये गड घेतला आणि खाली राजधानी वसवली, तिथली जामी मशीद अजून उभी आहे, २००४ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या यादीत आहे. आमच्या पुण्याच्या मंडळींना गड म्हटलं की फक्त शिवाजी महाराज आठवतात, पण हा गड काही काळ शिंद्यांकडेसुद्धा होता हे सांगितलं की जरा कान टवकारतात.

आता गिरनार. मराठी माणसाला तिन्हीतलं हेच हवं असतं, आणि जास्त गफलत पण इथेच होते म्हणून जरा सविस्तर. बडोद्याहून जुनागढ जवळजवळ चारशे किलोमीटर, गाडीने एक दिवस मोडतो, आम्ही वेरावळला जाणारी ट्रेन धरतो, रात्र गाडीत काढायची आणि उजाडताना जुनागढ. तिथून भवनाथ तळेटी, म्हणजे डोंगराचा पायथा, रिक्षाने, वाटेत अशोकाचा शिलालेख लागतो तो येताना बघा, जाताना कोणाला धीर नसतो. पायऱ्या म्हणायला दहा हजार. साधारण निम्म्यावर अंबाजी, त्याच्या थोडं खाली जैन देरासरं, म्हणजे त्यांची देवळं, पुढे गोरखनाथाचं शिखर, ते सगळ्यात उंच, आणि त्याच्यापुढे दत्त.

रोपवे २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला, सव्वादोन किलोमीटरच्या वर लांब, आठेक मिनिटांत वर नेतो. पण कुठे नेतो? अंबाजीला! दत्ताला नाही. हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. अंबाजीहून पुढचा रस्ता सरळ चढ नाहीये, आधी उतरायचं, मग गोरखनाथापर्यंत चढायचं, परत उतरायचं आणि मग शेवटचा चढ दत्ताच्या पादुकांपर्यंत, आणि परत येताना हेच सगळं उलट, म्हणजे परतीतसुद्धा चढ आहेच. गुडघे धड असलेल्या माणसाला एका बाजूला दीड-दोन तास. आईंनी अंबाजीच्या ओट्यावरून ती पायऱ्यांची रेघ बघितली, समोरच्या शिखराला हात जोडले, गुरुदेव दत्त म्हणाल्या, आणि नंतर बडोद्याला पोचेपर्यंत फारसं काही बोलल्याच नाहीत. मी म्हटलं अहो आई अंबाजीचं झालं ना दर्शन, तर म्हणाल्या अंबाजीला मी रोज घरीच नमस्कार करते.

म्हणून पुढच्या वर्षी परत गेलो. ठरवलं होतं की रोपवेने वर जायचं आणि तिथून पुढे डोली करायची. तर त्या दिवशी वारा. गिरनारला वारा सुटला की रोपवे बंद होतो, तासभर असेल नाहीतर अख्खा दिवस, कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे एकच दिवस हातात ठेवून जाऊ नका, हा माझा पहिला सल्ला समजा. शेवटी खालपासूनच डोली केली. डोलीचा भाव वजनावर असतो आणि तळेटीला चक्क काट्यावर बसवून वजन करतात, सगळ्यांसमोर. आईंनी पर्स काढून माझ्याकडे दिली, मग शाल दिली, मग चष्मासुद्धा काढायला लागल्या! पैसे किती गेले ते इथे लिहीत नाही, हे वाचतात. पण पादुकांपाशी पोचल्यावर त्या जशा बसल्या ते बघून मला वाटलं दुप्पट गेले असते तरी चाललं असतं. डोलीवाल्यांचं मात्र बघवत नाही, त्या चढावर माणूस खांद्यावर घेऊन, वर जाऊन चहापाण्याला वेगळे काढून ठेवा.

कमंडलू कुंडाचा फाटा शेवटच्या चढाच्या आधी आहे, तिथली धुनी सोमवारी असते आणि आल्या-गेल्याला जेवण मिळतं, दत्तवाल्या मंडळींना हे सांगायला नको, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. जैनांसाठी गिरनार त्यांच्या तीर्थंकर नेमिनाथांचं आहे, त्यांच्याशी वर वाद घालत बसू नका म्हणजे झालं.

पालिताणा. इथे रोपवेच नाही त्यामुळे फसवणूकही नाही. साडेतीन हजारांच्या वर पायऱ्या, ज्याला जमतं तो चढतो, ज्याला नाही तो डोलीत बसतो. पण खरं सांगू, तिन्हीत चढायला सोपा रस्ता मला हाच वाटला, पायऱ्या बुटक्या आहेत, मधे सपाट पट्टे येतात, विसाव्याला जागा आहेत आणि गोंगाट नाही. वर शत्रुंजय डोंगरावर आठशेच्या वर देरासरं, म्हणजे देऊळ नाहीच ते, अख्खं गावच आहे संगमरवराचं, आणि त्या गावात रात्री एकही माणूस राहत नाही, पुजारीसुद्धा नाही, अंधार पडायच्या आत सगळ्यांनी खाली. खायचं वर न्यायचं नाही, चामड्याचा पट्टा-पाकीट खालीच ठेवायचं. माझ्या नणंदेच्या मिस्टरांची पँट दिवसभर एका हाताने धरलेली होती, फोटो आहेत.

पण दिवाळीच्या पाहुण्यांनो, नीट ऐका. चातुर्मासात यात्रा बंद असते आणि ती उघडते कार्तिकी पौर्णिमेला. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत पालिताणा होतच नाही, खालच्या काकांनी कितीही आग्रह केला तरी. आणि गिरनारला कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा परिक्रमा असते तेव्हा जुनागढमध्ये पाय ठेवायला जागा नसते, परिक्रमाच करायची असेल तर गोष्ट वेगळी. थोडक्यात दिवाळीच्या आठवड्यात पावागडावर गर्दी, पालिताणा बंद, गिरनार लांब, अशी सगळीच बोंब असते, त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत या ना, थंडी पण छान असते.

मग कुठे जायचं? एकच दिवस आहे आणि आई सत्तरीच्या पुढच्या, तर पावागड, विचारच करू नका. दोन दिवस, शांतता हवी, देऊळ बघायची आवड आहे, तर पालिताणा, आमच्याकडून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, भावनगरवरून, राहायला धर्मशाळा भरपूर. गिरनार फक्त दत्तासाठी करा. फक्त रोपवेत बसायला आणि वरून फोटो काढायला एवढं लांब जायची गरज नाही, ते पावागडावर होतं. आणि दत्तासाठी जाणार असाल तर तीन दिवस, डोलीचे पैसे, आणि रोपवे बंद मिळाला तर काय करायचं हे घरूनच ठरवून निघा, तळेटीला उभं राहून घरच्यांशी भांडण होतं, अनुभव आहे.

कोणीतरी मला विचारलं होतं की यातल्या कुठे वर बाग वगैरे आहे का, मुलांना खेळायला. नाही हो. बाग हवी तर कमाटीबाग आहे ना घराजवळ, सयाजीराव महाराजांनी करून ठेवलीये, आणि तिच्यातून वाहणारी विश्वामित्री पावागडातूनच येते, म्हणजे तेवढं पुण्य पदरात पडलं समजा.

यंदा नणंद पौर्णिमा उलटल्यावर येतेय. वेरावळच्या गाडीची चार तिकिटं काढून झालीत आणि काट्याच्या भीतीने आईंनी आत्तापासूनच रात्रीचा भात सोडलाय.