हँगबोर्ड तडकला: फेविकॉल की अराल्डाइट?

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कातळावर चढायला जाणाऱ्या आमच्या गटातल्या एकाचा लाकडी हँगबोर्ड (बोटांची ताकद वाढवायला लटकायची खाचांची फळी) कुरिअरमधून तडकूनच आला. बदलून मिळेना. आता चिकटवायचा कशाने?

स्वस्त फेविकॉलच, सुताराकडे उघडा डबा असतोच. मजबुती मात्र चिरेवर ठरते. चीर लाकडाच्या रेषांबरोबर गेलेली आणि कडा नीट जुळणाऱ्या असतील, तर फेविकॉल झकास. सुरीने आतपर्यंत सरकवायचं, क्लॅम्पने आवळायचं आणि २४ तास हात लावायचा नाही. (हीच शिस्त आमच्यात कमी.) पण तुकडा उडून फट राहिली, तर ते सुकताना आकसतं. तिथे अराल्डाइट (दोन ट्यूब मिसळून लावायचं इपॉक्सी). नाशिकच्या पावसाळी दमटपणातही ते टिकतं. साधं फेविकॉल ओलाव्याला कच्चं. अराल्डाइटला मेहनत मात्र जास्त: घट्ट झालं की बोटांना निसरडं लागतं, पॉलिश पेपर घासत बसावं लागतं.

घरातला बोर्ड, जुळणारी चीर: फेविकॉल. गॅलरीतला बोर्ड, उडालेला कोपरा: अराल्डाइट. चीर स्क्रूच्या भोकातून किंवा रेषा आडव्या तोडत गेली असेल तर दोन्ही नको, नवाच घ्या. अख्खं वजन त्यावर लोंबकळणार आहे, बाबांनो.